बसमधलं तिसरं टोक

माझी सून बसगाड्यांच्या डेपोत वायरमन आहे. बाईमाणसाला वायरमन म्हणावं की आणखी काही, ते मला माहीत नाही. डेपोत तिला सगळे बत्तीबाई म्हणतात. हे नाव कौतुकानं पडलेलं नाही. ती कामाला लागली तेव्हा फोरमननं पहिली दोन वर्षं तिला नुसते गेलेले दिवे बदलायला ठेवलं होतं. मागचा दिवा गेला, बोलवा बत्तीबाईला. आतली ट्यूब लुकलुकते, बोलवा बत्तीबाईला. ती निमूटपणे शिडी घेऊन जायची, दिवा बदलायची आणि शिडीवर उभी राहून बाकीची माणसं काय उघडतात, कुठली वायर कुठं जाते, ते बघत राहायची. दोन वर्षं उंचावरून बघितलं की माणसाला बरंच दिसतं.

त्याआधी ती एका कारखान्यात होती. तिथं गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधतात. लांबलचक फळी, तिच्यावर खिळे, खिळ्याखिळ्यातून वायरी ओढायच्या आणि वरून टेप गुंडाळायची. सहा वर्षं तिनं ते केलं. बोटांना अजून घट्टे आहेत. तिचा हात हातात घेतला की सुनेचा नाही, सुताराचा धरलाय असं वाटतं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात माझा मिक्सर बंद पडला. मी म्हटलं, "टाकून देऊ, जुना झाला." तर म्हणाली, "जुनं झालं म्हणून टाकायचं ठरलं, तर घरातून बरंच काही टाकावं लागेल, आई." आणि माझ्याकडे न बघता स्क्रू काढायला बसली. त्या दिवशी मला कळलं, हिच्याशी आपलं जमणार.

तिचं काम काय, हे मला बरीच वर्षं नीट कळत नव्हतं. एकदा आम्ही दोघी कपड्यांच्या घड्या घालत होतो, तेव्हा तिनं समजावलं.

"आताच्या बसमध्ये डबे असतात, आई. इंजिनाचा एक, ब्रेकचा एक, दारांचा एक, चालकासमोरच्या काट्यांचा एक. पूर्वी प्रत्येकाला वेगळी वायर जायची. जुडगा तुमच्या दंडाएवढा व्हायचा. आता सगळे डबे दोनच वायरींवर असतात. वेणीसारखा पीळ घातलेल्या दोन वायरी. गाडीभर फिरतात आणि सगळे डबे त्यांच्यावरच एकमेकांशी बोलतात."

"सगळे एकाच वायरीवर? मग गोंधळ नाही होत?"

"आपल्या घरात होतो का?"

"होतो की."

"मग डब्यांना आपल्यापेक्षा शिस्त जास्त आहे म्हणा. प्रत्येक निरोपाला आकडा असतो. जितका आकडा लहान, तितका निरोप महत्त्वाचा. दोघांनी एकदम तोंड उघडलं, तर मोठ्या आकड्याचा आपणहून गप्प बसतो. लहान्याचं बोलून झालं की मग हा बोलतो."

"आणि रुसत नाही?"

"रुसून जायला डब्यांना माहेर नसतं."

मग तिनं सांगितलं, की निरोप कुणा एकाला जात नाही, तो सगळ्यांनाच ऐकू येतो. ब्रेकचा डबा म्हणतो, ब्रेक दाबला. ते मागच्या दिव्यानं ऐकलं की तो लागतो. दाराचा डबाही ऐकतो, पण त्याचं त्यात काही काम नसतं, म्हणून तो सोडून देतो. मी म्हटलं, हे मला कळलं. दूध उतू चाललंय असं मी ओरडले, तर घरभर ऐकू जातं. उठतो तो शेगडीजवळचा. माझा मुलगा मात्र दाराच्या डब्यासारखा ऐकून सोडून देतो.

आणखी एक गोष्ट सांगितली, ती पुढं लागणार आहे. रिकाम्या खोलीत बोललं की आवाज भिंतीवर आपटून परत येतो. वायरीतही तसंच होतं. म्हणून त्या दोन वायरींच्या दोन टोकांना आवाज गिळणारा एकेक बारका तुकडा बसवतात. दोन टोकं, दोन तुकडे. तो कधी सुटा असतो, कधी टोकाच्या डब्याच्या पोटातच असतो.

आता मामांचं सांगते. माझ्या गुडघ्यासाठी मला आठवड्यातून दोनदा व्यायामाच्या दवाखान्यात जावं लागतं. त्या मार्गावरच्या बसला मधल्या दाराशी लिफ्ट आहे. चाकाच्या खुर्चीतलं माणूस खुर्चीसकट वर घेता येतं. त्या बसचे चालक म्हणजे सावकाशमामा. शेवटचं माणूस बाकावर टेकेपर्यंत ते गाडी हलवत नाहीत, म्हणून हे नाव. मागचे लोक ओरडतात, "मामा, आज पोचायचंय!" मामा आरशात बघून म्हणतात, "पोचवणार आहे म्हणूनच थांबलोय."

एके दिवशी दुपारी मी पुढच्याच बाकावर होते. दवाखान्याआधी मोठा चढ आहे. गाडी निम्मा चढ चढली आणि मामांच्या समोरचे सगळे दिवे एकदम लागले. लाल, पिवळे, सगळे. घंटी वाजायला लागली. गाडी चालत होती आणि वेगाचा काटा मात्र शून्यावर जाऊन पडला! इंजिनाचा जोर गेला. मामांनी दोन्ही हातांनी चाक धरून गाडी कशीबशी कडेला घेतली. दार उघडेना. मग त्यांनी किल्ली बंद केली, दहा आकडे मोजले, पुन्हा चालू केली, आणि सगळं ठीक. घरात कडाक्याचं भांडण चालू असावं आणि दारात पाहुणा दिसताच सगळ्यांनी हसायला लागावं, तशी ती गाडी निघाली.

दोन महिन्यांत असं सात वेळा झालं. मामा दर वेळी तक्रार लिहीत. गाडी शेडमध्ये गेली की गरीब गाय. फोरमनकडे एक संगणक आहे. तो जोडला की डब्यांनी काय काय नोंदवून ठेवलंय ते वाचता येतं. काट्यांच्या डब्यानं नोंदवलेलं, इंजिनाचं ऐकू आलं नाही. फोरमननं इंजिनाचा डबा बदलला. मग दाराच्या डब्यानं नोंदवलं, ब्रेकचं ऐकू आलं नाही. त्यानं ब्रेकचा बदलला. मग काट्यांचाही बदलला. तीन नवे डबे झाले आणि गाडी त्याच चढावर तशीच बंद पडली. तेव्हा फोरमननं कागदावर लिहून टाकलं: गाडीत दोष नाही, चालक चालत्या गाडीची किल्ली बंद करतो. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, कामाचा कंटाळा आला आहे.

शुक्रवारी मॅनेजरबाई निकाल देणार होत्या. मामांना चालकाच्या जागेवरून काढून फाटकावर बसवायचं, दांडा वर करायला आणि खाली करायला.

मामा मला स्टॉपवर म्हणाले, "ताई, फाटकावर बसायची मला लाज नाही. पण माणसं भरलेली गाडी मी चढावर मुद्दाम बंद पाडली, असं कागदावर कायमचं राहणार. ते मला सोसणार नाही. तुम्ही पुढच्या बाकावर होता. माझे हात बघितलेत. येऊन सांगाल?"

"सांगेन की. न सांगायला काय झालं?"

घरी आल्यावर मी सुनेला म्हटलं, "चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय तुमच्या डेपोत." तिनं चपला काढल्या, तिथंच पायरीवर बसली आणि म्हणाली, "आई, तुम्ही गाडीत होता. काय काय झालं ते क्रमानं सांगा."

मी सांगितलं.

"दिवे एकदम लागले? आधी एक, मग दुसरा, असं नाही?"

"एकदम. अगं, माझे गुडघे गेलेत, डोळे नाही."

"मग डबा आजारी नाही. एखादा डबा बिघडला असता तर तो एकटा गप्प बसला असता. इथं प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतोय, ह्याचं ऐकू येत नाही, त्याचं ऐकू येत नाही. म्हणजे बिघाड बोलण्यात नाही, वाटेत आहे. त्या दोन वायरींवर साधं मीटर लावून बघू, असं मी दोनदा म्हटलं फोरमनसाहेबांना. ते म्हणतात, संगणक असताना दोन काड्यांचं मीटर कशाला?"

माझा मुलगा आतून म्हणाला, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला करतेस? बढतीसाठी तुझं नाव तेच पाठवणार आहेत ना?"

"पाठवतील की. मीटर लावायला किती वेळ लागतो? अर्धा तास. तेवढ्यानं ते विसरतील माझं नाव?"

शुक्रवारी सकाळी मी मामांची साक्षीदार म्हणून डेपोत गेले. सून आधीच मॅनेजरबाईंना भेटून अर्धा तास मागून आली होती. फोरमन शेडमध्ये हाताची घडी घालून उभा होता. मला बघून म्हणाला, "आता सासूबाईही गाडी दुरुस्त करणार का?"

"नाही हो," मी म्हटलं, "मी नुसती बसायला आलेय. ते मला तुमच्याइतकंच जमतं."

सुनेनं बॅटरी सोडवली, चालकाच्या मागची पत्र्याची झडप काढली आणि पिळाच्या त्या दोन वायरींना मीटरच्या काड्या लावल्या. मला म्हणाली, "आई, दोन टोकांचे दोन तुकडे जागेवर असले की इथं साठ आकडा येतो. एक सुटला तर एकशेवीस."

मीटरवर आले चाळीस.

फोरमन म्हणाला, "चाळीस काय, साठ काय. गाडी चालते ना?"

"चालते, साहेब. पण साठ म्हणजे दोन टोकं आणि चाळीस म्हणजे तीन. दोरीला तीन टोकं कधी बघितलीत? आवाज गिळणारा तिसरा तुकडा मध्येच कुठंतरी बसलाय. त्यामुळं सगळ्यांचा आवाज दबतो. सावलीत, गाडी शांत उभी असली की कसंबसं ऐकू जातं. ऊन तापलं, पंखे, वायपर, लिफ्ट सगळं लागलं, की त्या गलबल्यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही."

मग ती एकेक डबा सोडवत गेली. टोकांचे दोन तिनं तसेच ठेवले, त्यांचा तिथं हक्कच होता. मधले मात्र काढायचे, आकडा बघायचा, परत जोडायचे. दाराचा काढला, चाळीस. आतल्या दिव्यांचा काढला, चाळीस. मधल्या दाराखाली वाकून लिफ्टचा काढला आणि मीटर साठवर गेलं.

मी टाळी वाजवणार होते. पण सून तो डबा हातात धरून नुसती बघत राहिली. डब्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा ठिपका होता. ती आपल्या हातानं बसवलेल्या प्रत्येक वस्तूला असा ठिपका देते. आमच्या मिक्सरलाही आहे.

तेवढ्यात मॅनेजरबाई आल्या. फोरमननं चटकन तोंड उघडलं. "मॅडम, बत्तीबाईंना काहीतरी सापडलंय. पण मला ते पटत नाही. हा लिफ्टचा डबा गाडीचा मूळचा. दोष ह्याचा असता तर नऊ वर्षं गाडी कशी चालली? दोन महिन्यांपूर्वीच का बिघडली? म्हणजे गोष्ट परत चालकावरच येते."

 मामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

सून उठली. गुडघ्यावरची धूळ झटकली आणि रोज जेवायला वाढते त्याच आवाजात म्हणाली, "मूळचा नाही, मॅडम. हा मी बसवलाय. जुना डबा जळला होता, नवा यायला वेळ लागणार होता. खुर्चीतली माणसं रोज स्टॉपवरून परत जात होती. म्हणून मी भंगारातल्या एका गाडीचा काढून ह्या गाडीला लावला. दिसायला तोच, जोडायलाही तोच. पण त्या गाडीत लिफ्ट मागच्या टोकाला होती. म्हणजे टोकाचा तुकडा ह्याच्या पोटात आहे. ते माझ्या लक्षात आलं नाही. लिफ्ट खालीवर झाली, मी गाडी सोडली. मीटर लावलं नाही. कामाच्या वहीत तारीख आहे, खाली माझी सही आहे."

वही आणली. डबा बसवला होता मंगळवारी. मामांची पहिली तक्रार होती गुरुवारची.

मला एकदम उकडायला लागलं. आपला तो बाब्या असतो ना, सूनसुद्धा असते. मनात आलं, बाई, जरा आडून सांगायचं होतंस. पण तिच्या तोंडाकडे बघितलं तर तिथं आडपडदा कुठंच नव्हता.

फोरमन म्हणाला, "तारखा जुळतात हे मान्य. पण त्यानं गाडी बंद पडते कशावरून? माझ्यासमोर तर एकदाही पडली नाही."

"मग पाडू या," सून म्हणाली. "डबा परत लावते. आता ऊन चांगलं तापलंय. सगळं चालू ठेवून डेपोमागच्या रॅम्पचा चढ चढायचा, गाडी पडेपर्यंत. आणि साहेब, चाकावर तुम्हीच बसा."

तशी आमची वरात निघाली. चाकावर फोरमन, पुढच्या बाकावर मॅनेजरबाई आणि मी. मामांना सुनेनं चौथ्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, "हात समोरच्या दांड्यावर ठेवा, सगळ्यांना दिसू देत." ती स्वतः मधल्या दाराशी उभी राहून लिफ्ट खालीवर करत होती. पंखे चालू, दिवे चालू, कोरड्या काचेवर वायपर करकरत होते. डेपोतली सगळी माणसं कामं टाकून बघायला उभी होती.

पहिली फेरी झाली, काही नाही. दुसरी झाली, काही नाही. फोरमन शीळ घालायला लागला.  सून म्हणाली, "अजून एक."

तिसऱ्या फेरीला निम्म्या चढावर सगळे दिवे एकदम लागले. घंटी वाजायला लागली, काटा शून्यावर, इंजिनाचा जोर गेला. फोरमननं दोन्ही हातांनी चाक आवळलं आणि सगळं बळ लावून ब्रेक दाबला. गाडी थांबली. वायपर तेवढे हलत होते.

मागून मामांचा सावकाश आवाज आला. "साहेब, चुकून किल्ली वळली का हो?"

मॅनेजरबाईंनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

मग तो डबा काढून लिफ्ट तात्पुरती बंद ठेवली आणि त्याच उन्हात, तेच पंखे, तेच वायपर लावून सहा फेऱ्या मारल्या. सहाही वेळा गाडी मुकाट्यानं चढली. एवढ्यात स्टोअरवाला सांगत आला, की नवा डबा मागच्या आठवड्यातच येऊन पडलाय, कुणी मागितलाच नाही. सुनेनं तो बसवला. ह्या वेळी आधी मीटर लावलं, मॅनेजरबाईंना साठ आकडा दाखवला आणि मगच झडप लावली. आणखी एक फेरी मारली, लिफ्ट खालीवर करत. तीही सुरळीत झाली.

मॅनेजरबाई फोरमनला म्हणाल्या, "मामांवरचा तो कागद फाडून टाका."

"फाडू नका, मॅडम," मामा म्हणाले. "फाडला तर कुणी म्हणेल, होतं काहीतरी, दडपलं. त्याच्याच खाली लिहा, खरं काय निघालं ते."

बाईंनी तिथंच बसच्या पायरीवर कागद टेकवून लिहिलं: चालकाचा दोष नाही. मामांनी दोनदा वाचलं. मग टोपी डोक्यावर चढवली.

"आणि तुमचं काय लिहू?" बाईंनी सुनेला विचारलं.

फोरमनला तेवढ्यात माया आली. "जाऊ द्या मॅडम, नवीन असताना होतं असं."

"बारा वर्षं झाली, साहेब," सून म्हणाली. "लिहा, मॅडम. डबा बसवल्यावर मीटर लावलं नाही. आणि त्याखाली हेही लिहा, की आजपासून कुणीही कुठलाही डबा बदलला की आकडा वहीत टाकायचा. साहेबांनीसुद्धा."

बाईंनी दोन्ही लिहिलं. सुनेला ताकीद मिळाली आणि फोरमनला रोजचं मीटर. मला विचाराल तर फोरमनलाच जास्त लागलं. बढतीचं पुढं काय झालं ते त्यांच्या दफ्तरात असेल. त्या दिवशी तिनं त्याबद्दल विचारलं नाही आणि मीही नाही.

चारची फेरी जवळ आली होती. मामांनी आरसा सरळ केला, आपली सीट पुढं ओढली. मी बसच्या दाराशी उभी राहून सुनेला हाक मारली. "चल गं, सकाळपासून उभी आहेस. जाऊ दोघी घरी."

ती हात पुसत होती. म्हणाली, "तुम्ही मामांच्या गाडीनं जा, आई. त्या भंगार गाडीतून मी अजून दोन डबे काढले होते. ते कुठल्या गाड्यांत बसलेत ते वहीत बघते आणि त्या गाड्या बाहेर पडायच्या आत मीटर लावते. भात टाकून ठेवा, मला वेळ लागेल."

आणि शिडी, मीटर घेऊन ती दुसऱ्या शेडकडे निघालीसुद्धा. मी चढले. मी नीट टेकेपर्यंत मामा थांबले, आरशात एकदा बघितलं आणि मग गाडी काढली.